धर्माकाकांचे सेल्स

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. लेख द्यायला खरं तर अजून आठवडा आहे, अंकाच्या संपादक काकू म्हणाल्या सावकाश लिही, पण काल संध्याकाळी धर्माकाकांच्या बायकोने, हिरामावशीने परवानगी दिली ("लिव की र, पन माझा नाव नीट लिव") आणि तेव्हापासून हे माझ्या पोटात मावत नाहीये. म्हणून लॅबच्या कॉम्प्युटरवर बसून धडाधड टाईप करतोय. मराठी फॉन्टमध्ये जोडाक्षरं कुठे लपलीत ते अजून सापडलेलं नाही, चुका सांभाळून घ्या.

मी नक्की काय काम करतो हे डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला धड माहीत नाही. आई सगळ्यांना सांगते, "अमेय लॅबमध्ये आहे." त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकदा सकाळी सकाळी बाटली घेऊन दारात उभे. म्हटलं आजोबा, आम्ही ती तपासत नाही. तर म्हणाले, "मग तपासता काय रे तुम्ही?"

तर आम्ही तपासतो म्हातारपण. माणसाचं नाही, माणसाच्या पेशींचं. पेशी म्हणजेच सेल्स, लॅबमध्ये आम्ही सेल्सच म्हणतो. ठाण्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली पत्र्याचे डबे बनतात, त्यांचा प्रेस धाडकन पडला की आमचा मायक्रोस्कोप हलतो. शुक्रवारी लाईट जाते, मग जनरेटर. अशा जागी आम्ही दोघं, म्हणजे आमच्या मॅडम आणि मी, माणसांच्या कातडीचे सेल्स वाढवतो.

कसे ते सांगतो, एकदम सोप्पं आहे. दंडावरची कातडी इंजेक्शन देऊन बधिर करायची आणि पेन्सिलच्या मागच्या रबराएवढा तुकडा काढायचा. त्याचे आणखी बारीक तुकडे करून प्लास्टिकच्या डिशमध्ये चिकटवायचे, वर खाऊ म्हणून गुलाबी पाणी घालायचं आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. इन्क्युबेटर म्हणजे ऊबदार, दमट कपाट. मग वाट बघायची. दोन-तीन आठवड्यांनी तुकड्याच्या कडेने सेल्स सरपटत बाहेर येतात. एकाचे दोन, दोनाचे चार. जागा भरली की बाटलीत, बाटली भरली की दोन बाटल्यांत. पण हे कायम चालत नाही. ठरावीक वेळा दुप्पट झाले की ते थांबतात. मरत नाहीत हां! खातात, पितात, जागा अडवतात, तव्यावरच्या घावनासारखे पसरतात, पण वाढायचं नाव नाही. आणि मॅडमना दाट संशय आहे की ते नुसते बसत नाहीत, आजूबाजूच्यांनाही बिघडवतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रिटायर झाल्यावर जे झालं ना, डिट्टो तेच.

आमचा खरा शोध विसरण्याच्या आजाराचा, म्हणजे आल्झायमरचा. आता याचा आणि त्याचा संबंध काय? मेंदूतल्या विचार करणाऱ्या पेशी मोठेपणी फारशा वाढत नाहीत. पण त्यांची उठबस करणाऱ्या, त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात, त्या वाढतात आणि थकतातही. त्या थकल्या म्हणून माणूस विसरायला लागतो का? हा मॅडमचा प्रश्न. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण देणार? म्हणून कातडी. एकाच घरातली दोन माणसं शोधायची, एकाला आल्झायमर, दुसरा ठणठणीत, आणि दोघांचे सेल्स शेजारी शेजारी वाढवून बघायचं, कोणाचे आधी दमतात.

अशा जोड्या शोधायला मी गेली काही वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवली पिंजून काढलंय. कातडी मागण्याआधी स्मरणशक्तीची छोटी तोंडी परीक्षा घ्यायची असते, आज वार कोणता, ही तीन नावं लक्षात ठेवा, वगैरे. डोंबिवलीत ही परीक्षा घेणं म्हणजे दहावीचा बोर्ड. एक रिटायर्ड मास्तर आदल्या आठवड्यात परीक्षा दिलेल्या मित्राकडून प्रश्न काढून पाठ करून बसलेले. मी नावंच बदलली तर म्हणाले, "हे पोर्शनच्या बाहेरचं आहे." दुसऱ्या एका घरात मी आजोबांना विचारायचो आणि उत्तर स्वयंपाकघरातून यायचं. आजींना म्हटलं, प्लीज, त्यांना बोलू द्या. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कधी बोलू दिलं नाही, आता कुठे सवय लावता?" कल्याणचे एक बिल्डर तर आमची पाटी वाचून थेट वर आलेले, "तरुण होण्याचं औषध आहे ना? काय ते सांगा, माझ्यासाठी आणि मिसेससाठी." मॅडम म्हणाल्या, "आम्ही फक्त म्हातारं कसं होतात ते बघतो." ते म्हणाले, "ते काय, घरी या, फुकट दाखवतो."

तर धर्माकाका आणि त्यांचे भाऊ भिकाभाऊ ही आमची सगळ्यात भारी जोडी.

दोघं ठाण्यातल्या बाळकुमचे, खाडीवरचे कोळी. भिकाभाऊ थोरले आणि डोकं असं की तुम्ही मागच्या वेळी कुठला शर्ट घातलेला तेही सांगतील. धर्माकाका धाकटे आणि त्यांचं सगळं पुसत चाललेलं. आधी होडी कुठे बांधली ते विसरायचे, मग घराची वाट, मग रवी, त्यांचा मुलगा. मी गेलो तेव्हा बोलणं जवळपास थांबलेलं. ओट्यावर बसून फाटक्या जाळ्याच्या गाठी मारायचे, तेवढंच. एकच घर, एकच पाणी, एकच मासळी, आणि तरी एक असा नि एक तसा. मॅडम मला म्हणालेल्या, "अमेय, ही जोडी सोडायची नाही."

रवीचा साफ नकार होता. तो कंपनीत शिफ्टला जातो, रागीट आहे, कमी बोलतो. "बापाची कातडी द्यायची नाय" एवढंच म्हणाला. पण काकांची बायको हिरामावशी, तिने ऐकलं नाही. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला.

"त्याला बरं वाटंल काय?"

मॅडम म्हणाल्या, "नाही मावशी. काकांना याचा उपयोग नाही. झाला तर पुढच्यांना होईल."

मावशीने ओट्यावरच्या काकांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं खोटं नाय बोललीस. घे."

कातडी काढायला आलेल्या डॉक्टरांचा पांढरा कोट बघून काका असे घाबरले की ओरडायला लागले. मावशीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला आणि स्वतः रडत राहिली. रवी घराबाहेर निघून गेला.

भिकाभाऊंचे सेल्स पटापट वाढले. ते छोट्या कुप्यांत भरून आम्ही लगेच गोठवून ठेवले, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत. तिथे गेले की वर्षानुवर्षं चिंता नाही, हवे तेव्हा काढा, जागे करा. धर्माकाकांचे मात्र सावकाश. कितीतरी दिवस काहीच नाही, मग चार-पाच चुकार सेल्स, मग कशाबशा दोन बाटल्या. गोठवायला ते आणखी थोडे वाढायला हवे होते, आणि नायट्रोजनवाल्याची गाडी दसऱ्यानंतर येणार होती.

दरम्यान एक गंमत झालेली. मावशी ठाण्याच्या मार्केटात मासे विकते. एकदा विकून झाल्यावर रिकामी पाटी घेऊन सरळ आमच्या गाळ्यात आली. "दाखव माझा म्हातारा." मी मायक्रोस्कोपखाली दाखवला. बराच वेळ बघत बसली. "यो हलतोय?" म्हटलं, हळूहळू हलतात, वाढतात. ती म्हणाली, "घरात बसलाय तो काय वाढत नाय. हितं तरी वाढतोय." मग दर आठवड्याला यायची. मी इन्क्युबेटर उघडायचो, दुसऱ्या खणातली डावीकडची बाटली काढायचो, ती बघायची, त्याच्याशी बोलायची. रवी शिफ्टला वेळेवर जात नाही, पापलेट महागलं, असं सगळं. मी आपला टिपणं काढतोय असं दाखवायचो.

आणि दसरा आला.

सेल्सना सुट्टी नसते, म्हणून सणाला एकाला यावंच लागतं. मॅडम दसऱ्याला दरवर्षी आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, तर मी आलेलो. खाली प्रेसला झेंडूचा हार, वॉचमनच्या काठीला पण हार. दुपारी मावशी आली, नवं लुगडं, केसात अबोली, डोक्यावर रिकामी पाटी, हातात आपट्याची पानं. मला सोनं दिलं, वॉचमनला दिलं, मायक्रोस्कोपवर एक पान ठेवलं. ते मी हसत उचलून बाजूला ठेवलं. तेवढ्यात आतल्या खोलीतला फोन वाजला. नागपूरहून मॅडमचा एसटीडी, मागे केवढा तरी आवाज.

"सेल्स कसे आहेत?"

"एकदम फर्स्ट क्लास, मॅडम!"

बाहेर आलो तर मावशी पाटी डोक्यावर घेऊन निघालेली. डोळे पुसत होती. म्हटलं सणाचं रडू येत असेल.

दोन-तीन दिवसांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि मला आधी वासच आला. ओल्या भिंतीचा वास. दोन्ही बाटल्यांतलं गुलाबी पाणी गढूळ, आणि त्यात कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं पांढरं तरंगतंय. बुरशी. आमच्या धंद्यात यावर औषध नाही असं समजा. बाटलीची झाकणं हवेसाठी थोडी सैल ठेवावी लागतात, एवढीशी फट पुरते. कुठून आली म्हणून मी खण रिकामा केला, तर डावीकडच्या बाटलीखाली काळं पडलेलं आपट्याचं पान.

तिने नवऱ्याला सोनं दिलेलं. घरी ओट्यावर बसलेल्याने पान हातातून खाली टाकलं असणार, त्याला कुठे दसरा कळतोय. मग इथे येऊन दिलं. मला राग यायला पाहिजे होता, पण येईना. मी स्टुलावर बसून राहिलो.

मॅडम आल्या, बघितलं. बाटल्या स्वतः उकळून टाकल्या. मी म्हटलं, "मॅडम, मावशीला सांगूया लाईट गेलेली. किंवा मशीन बिघडलं."

"का?"

"तिला कळलं तर ती..."

"ज्या बाईने पहिल्या दिवशी आपल्याकडून खरं ऐकून होकार दिला, तिला आता खोटं सांगायचं? रिक्षा बघ."

बाळकुमला पोचलो तेव्हा मावशी अंगणात सुकट पाखडत होती. भिकाभाऊ खुर्चीत, काका ओट्यावर जाळं घेऊन, आणि रवी नुकताच ड्युटीवरून आलेला, चहा पीत होता. मॅडम मावशीच्या शेजारी खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. पान, बुरशी, बाटल्या, सगळं. हे पण सांगितलं की कपाटाला कुलूप हवं होतं आणि ते आम्ही लावलं नव्हतं.

मावशीचं सूप थांबलं.

"म्हंजे मीच मारला त्याला?"

"नाही हो मावशी. ते बघा, काका तिथे बसलेत."

"तो कुठं हाय तिथं!" मावशी एवढ्या मोठ्याने ओरडली की काकांनी मान वर केली. "तिथं नाय तो! तुमच्याकडं होता थोडासा. मी जाऊन बघायची. आता कुठं जाऊ?"

मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसलो. भिकाभाऊ म्हणाले, "हिरा, गप. मंग परत काढा की, मॅडम. म्हातारा हाय अजून, कातडी पन हाय."

रवीने कप आपटला. "नाय. एकदा बस झालं. रातभर रडला तो, तुमी नव्हते तवा. परत कोनी हात लावायचा नाय."

"रवी, बरोबर आहे तुझं," मॅडम म्हणाल्या. "तू नाही म्हणालास तर नाही. आम्ही जोर करायला आलोच नाही, खरं सांगायला आलोय." आणि त्या खरंच उठल्या. मी पण उठलो. आमची सगळ्यात भारी जोडी तिथेच संपली असं मी मनात धरून टाकलं.

आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो असू, तर रवी मागून आला. चप्पल न घालता.

"मॅडम, एक विचारू? यो बापाला झालाय, तो मला पन व्हनार काय?"

बघा ना! आम्हाला वाटत होतं याला आमचा राग आहे. आणि हा इतके महिने हे एकटाच घेऊन शिफ्टला जात होता.

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, त्या कधी कोणाला उगीच धीर देत नाहीत. म्हणाल्या, "माहीत नाही, रवी. बापाला झालं म्हणून मुलाला होतंच असं नाही, भिकाभाऊंकडे बघ. पण होणारच नाही असंही मी लिहून देणार नाही. हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर त्या गाळ्यात बसतो आम्ही."

"आनि समजंल कवा?"

"तेही माहीत नाही."

मागून मावशी आलीच होती, सूप हातात. "अरं, जालं टाकल्याबिगर कलतं काय र, आत काय हाय ते? तुझा बा जन्मभर टाकत आला. रिकामं आलं तरी दुसऱ्या दिशी टाकायचा."

रवीने मावशीच्या हातातलं सूप काढून घेतलं. मग म्हणाला, "काढा. पन पांढरा डगला घालून कोन येऊ नका."

त्यामुळे दुसऱ्या वेळी जे झालं ते असं. आमचे कातडीचे डॉक्टर, मोठे कन्सल्टंट, बाळकुमला चौकड्याचा शर्ट घालून, सामान भाजीच्या पिशवीत लपवून आले. काकांच्या एका बाजूला भिकाभाऊ बसले आणि लहानपणी दोघांनी कोणाची तरी होडी चोरलेली त्याची गोष्ट मोठमोठ्याने सांगायला लागले. काकांच्या हातात रवीने जाळं दिलं, आणि दुसरं टोक स्वतः धरून बसला. काका गाठी मारत होते. डॉक्टरांनी दंडावर स्पिरिट लावलं, सुई टोचली. काकांनी मान वळवली, डॉक्टरांच्या मनगटावर फाडकन चापट मारली, आणि पुन्हा गाठ मारायला लागले.

"मच्छर समजला तुमाला," भिकाभाऊ म्हणाले. सगळे हसलो. डॉक्टर पण. तुकडा निघाला, पट्टी लागली, आणि कोणीही रडलं नाही. मावशी सोडून, पण ती हसता हसता रडत होती, ते धरत नाहीत.

मग वाट बघणं. बाहेरच्या लोकांना वाटतं संशोधन म्हणजे काहीतरी फसफसतं, धूर निघतो. आमच्याकडे काही होत नाही. रोज डिश काढायची, बघायची, परत ठेवायची. कपाटाला आता कुलूप, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. एक आठवडा, दुसरा आठवडा. मॅडम विचारायच्या नाहीत, नुसतं माझ्या तोंडाकडे बघायच्या. म्हातारी कातडी आहे, कदाचित या वेळी येणारच नाहीत, असं आम्ही दोघं मनात म्हणायचो आणि मोठ्याने चहाचं बोलायचो.

आणि एका सकाळी तुकड्याच्या कडेला एक टोक दिसलं. मग दुसरं. मी इतक्या जोरात "मॅडम!" ओरडलो की खालचा प्रेस थांबवून माणूस वर आला.

या वेळी आम्ही शहाणे होतो. जरा वाढल्याबरोबर पहिल्या कुप्या नायट्रोजनमध्ये, आणि मगच बाळकुमला निरोप. आले तर सगळेच आले, रवीच्या दोस्ताच्या टेम्पोतून. मावशी, भिकाभाऊ, रवी, आणि काका पण. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही ना. मॅडमनी आणि मी आमचे कोट आधीच काढून ठेवलेले.

मावशीने बघितलं. भिकाभाऊंनी बघितलं आणि "माझे यापेक्षा चांगले असतील" म्हणाले. रवीने सगळ्यात जास्त वेळ बघितलं, आणि दंड पुढे करून मॅडमना म्हणाला, "माझी पन घ्या, कामाला येत असंल तर." आणि मग मावशीने काकांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, मावशी, त्यांना काय कळणार. ती म्हणाली, "त्याचंच हाय ना? त्याला बघू दे."

काकांनी डोळा लावला. तरुण सेल्स दाट झाले ना, की लांबट, टोकदार, सगळे एकाच दिशेला तोंड करून, शेकड्याने, वळसा घेत निघालेले दिसतात. मी हे हजार वेळा बघितलंय. काका हलले नाहीत. त्यांचे हात गुडघ्यांवरून उठले, मायक्रोस्कोपच्या दोन्ही बाजूंना आले, होडीच्या काठाला धरावं तसे. खालचा प्रेस पडला, टेबल हललं, तरी डोळा निघाला नाही.

मग कित्येक महिन्यांनी धर्माकाका बोलले. एकदम स्वच्छ, जाळ्यात आलेली मासळी बघून बोलावं तसं.

"बारकी हायेत. वाढू दे."

पुन्हा नाही बोलले. त्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही. ते बरे होत नाहीयेत, हे मला इथे स्पष्ट लिहायचंय, कारण वाचून कोणीतरी आमच्या गाळ्यात औषध मागायला येईल. औषध नाही. पण काकांचे सेल्स आज या क्षणी माझ्या मागच्या कपाटात वाढतायत, भिकाभाऊंचे त्यांच्या शेजारी, आता रवीचेही, आणि आम्ही रोज बघतोय कोण कुठवर जातं. मला तर वाटतं काहीतरी सापडणार. मॅडम म्हणतात वाटून उपयोग नाही, पण त्याही हल्ली सकाळी माझ्या आधी येतात.

आता मला सांगा, तुमच्या घरात आहे का असं कोणी, ज्याचं आता सगळं संपलं असं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंत, आणि मग एके दिवशी तेच माणूस मध्येच दोन शब्द बोललं आणि तुम्ही सगळे जागच्या जागी गप्प झालात? झालंय का तुमच्याकडे असं?